फरशीखालची फरशी

 

व्याख्यानाचा विषय कळल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. 'सर, छापताना काही चूक झालीय का? तुम्ही तत्त्वज्ञानाचे. फरशीवर काय बोलणार?' चूक झालेली नाही. गेलं वर्षभर आमच्या घरात हाच एक वाद चालू आहे. जुनी फरशी उखडायची, की तिच्यावरच नवी बसवायची? मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, 'बाबा, वरूनच टाकू. चार दिवसांत काम होतं, घरभर धूळ होत नाही.' आमच्या सौ. म्हणतात, 'उखडा एकदाची. किती दिवस झाकत बसायचं?' मी दोघांचंही ऐकतो आणि काही ठरवत नाही. चाळीस वर्षं शिकवल्याचा हा दुष्परिणाम आहे.

तशात स्वयंपाकघरातली मोरीची पाइप तुंबली. गवंड्याने कोपऱ्यात हातभर लांब आणि दीड हात खोल खड्डा घेतला. मी स्टूल ओढून खड्ड्याशेजारी बसलो. सगळ्यात वर मोझॅकची टाइल, मी नोकरीला लागल्यानंतर बसवलेली. तिच्याखाली सिमेंट-वाळूचा मसाला. त्याखाली शहाबादी फरशी, वडिलांच्या काळातली, जागच्या जागी, न हललेली. तिच्याखाली मातीचा भर. आणि त्या भराच्या खाली मूळची सारवलेली जमीन. मी ढेकूळ हातात घेऊन आडवं फोडलं तर शिळ्या भाकरीला सुटावेत तसे पापुद्रे सुटले. एकेक पापुद्रा म्हणजे एकेका वेळचं सारवण. मोजायला गेलो, पण वीस-बावीसच्या पुढे नजर हटली.

भरात एक भोकाचा पैसाही सापडला. आमच्या वयाच्या मंडळींना भोकाचा पैसा आठवत असेल, 1943 ते 1947 या काळात पाडलेला. आता बघा, इतिहासाची अगदी पहिली शिकवण त्या पैशात आहे. पैशावर जे साल असेल, त्याच्या वरची फरशी त्या सालानंतरची. आधीची असूच शकत नाही. पण किती नंतरची, ते पैसा सांगत नाही. आमची आई सांगायची, थोरल्या आत्याच्या लग्नाआधी फरशी आली, म्हणजे 1958. चुलते म्हणायचे, छे, नंतर. दोघांच्याही म्हणण्याला पैशाची हरकत नाही. पुरावा बहुतेक वेळा असाच असतो. तो खोटं काय ते सांगतो, खरं काय ते सांगेलच असं नाही.

थोडं शब्दाकडे वळू. 'फर्श' हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ पसरलेली वस्तू, अंथरूण, गालिचा. तंबू आणि बिछायती सांभाळणारा तो फर्राश, त्याच्या खात्याची जागा फरासखाना. पुण्यात फरासखाना पोलीस चौकीसमोरून रोज हजारो लोक जातात, पण तिथे कधी पेशवाईतले तंबू-गालिचे ठेवत असत हे किती जणांना आठवतं? तेव्हा फरशी म्हणजे कशावर तरी अंथरलेली गोष्ट. खालचं तसंच ठेवून वरून काही पसरायचं, हा अर्थ शब्दातच होता. मुलाचा पक्ष भाषेने आधीच घेतला आहे.

बरं, आपल्याकडे दगडाची काही कमी आहे का? सह्याद्री अख्खा दगडाचा. तरीही आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत, खात्यापित्या घरांतसुद्धा, आतली जमीन मातीचीच. दगडी जोतं, सागवानी खांब, आणि आत शेण! याचं कारण दगडाच्या जातीत आहे. आपला काळा दगड ज्वालामुखीचा. त्याच्या फळ्या निघत नाहीत. पायरी घडवायला, जोत्याला, जात्याला तो उत्तम, पण पातळ लादी पाहिजे तर पाथरवटाने दिवसचे दिवस टाकी मारत बसावं लागतं. तो खर्च देवळाला परवडतो, माजघराला नाही. याउलट तिकडे कलबुर्गी जिल्ह्यातला शहाबादचा चुनखडीचा दगड थराथराने बसलेला. खाणीत पहारीने उचकटला की फळी सुटते. आंध्रातला कडप्पा आणि राजस्थानातला कोटा हेही थराचेच दगड. 1871 पर्यंत सोलापूरकडून रायचूरकडे जाणारा लोहमार्ग झाला, तो शहाबादवरूनच जातो. दगड रेल्वेत बसला आणि मग महाराष्ट्रभर फिरला. आमच्या गावापर्यंत यायला त्याला आणखी बरीच वर्षं लागली.

आता शेणाच्या जमिनीबद्दल. तिच्याबद्दल मराठीत फार गोड बोललं जातं. गारवा, वास, रांगोळी. माझं निरीक्षण असं, की ते बोलणारे बहुतेक पुरुष असतात. सारवणारी बाई त्या आठवणीने गहिवरलेली मी अजून पाहिली नाही. आधी मुरूम टाकून धुमसाने ठोकायचा. मग माती भिजवून पसरायची. मग ओणवं बसून चोपण्याने चोपायची, सुकताना भेगा पडल्या की पुन्हा चोपायची. हे एकदाचं काम. त्यानंतर जन्मभर शेण गोळा करा, कालवा, पोतेऱ्याने सारवा. आठवड्याला एकदा, सणाला, पाहुणा येणार असला की, घरात कोणी गेलं की. आईच्या दोन्ही गुडघ्यांवर घट्टे होते. शहाबादी बसली त्या दिवशी तिने काय केलं, ते मला आठवतं. मी पाच-सहा वर्षांचा असेन. पाण्याची कळशी तिने मुद्दाम जमिनीवर ओतली, आणि पाणी मुरत नाही, वाहतं, हे बघत उभी राहिली.

म्हणजे मला आठवतंय तर साल कुठलं, असा हिशोब तुमच्यातले चाणाक्ष लोक आता करतील. केला मी तो. आईचं 1958 बरोबर ठरत नाही. चुलते जिंकले.

पण एक गोष्ट वडिलांच्या फरशीविषयी प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ती आधी सोप्यात बसली. जिथे तालुक्याचे लोक, सोयरे-धायरे येऊन टेकतात तिथे. मग माजघरात. स्वयंपाकघरात सगळ्यात शेवटी, तब्बल चार वर्षांनी. म्हणजे आईची कळशी ओतण्याची गोष्ट सोप्यातली, आणि ती ओतून ती परत सारवलेल्या जमिनीवर भाकरी थापायला गेली. घरात पैसा कोणत्या दारातून येतो आणि कोणत्या खोलीपर्यंत पोहोचतो, हे पाहायचं असेल तर फरशी कुठल्या क्रमाने बसली ते विचारावं. ओसरीवरच बसवलं जाणारं आणि त्याच्या आत न येणारं माणूस कोण, हेही त्याच क्रमाला विचारता येतं. गावात सगळ्यांच्या नशिबी फरशीच्या आतली बाजू नव्हती.

पैसा आला तो उसाचा. सांगलीला वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने कारखाना झाला, मग आमच्या साखराळ्याला राजारामबापू पाटलांचा. कारखान्याचं बिल आणि शहाबादी फरशी हे वाळवा तालुक्यात जवळजवळ जुळं भावंड. मोझॅकची गोष्ट जरा वेगळी, तिच्यामागे शहर आहे. मुंबईच्या श्रीमंत इमारतींत आधी इंग्लंडहून आलेल्या टाइल्स असत. 1922 साली फिरोजशा सिधवा यांनी 'भारत' नावाने सिमेंटच्या टाइल्स इथेच बनवायला घेतल्या. स्वदेशी म्हटलं की आपल्याला खादी आणि मीठ आठवतं; पायाखालीही स्वदेशी होती. पुढे संगमरवराच्या खड्यांची, बसवल्यावर मशीनने घासायची टाइल गावोगाव बनू लागली. तरी आमच्याकडे ती यायला 1982 नंतरचा काळ उजाडला, कारण तोवर सिमेंटलाच परमिट लागायचं. त्या वर्षी नियंत्रण काही अंशी उठलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात मी, नवा प्राध्यापक, पगाराची ऐट म्हणून, शहाबादीवर मोझॅक टाकली. शहाबादी उखडायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

का नाही आलं? इथे मला मूळ मुद्दा सांगायचा आहे. आपल्याकडे जुन्या कागदांत जमिनीचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. पांढरी का? कारण पांढऱ्या मातीची घरं पडतात, त्यांचीच माती सपाट करून तिच्यावर नवं घर उभं राहतं, त्यात चुलीची राख, शेण, कचरा मिसळतो. शेकडो वर्षांत गाव स्वतःच्याच अंगावर चढत जातं. जुनं उकरून बाहेर नेण्याची पद्धतच नव्हती. नेणार कशाने, आणि कशासाठी? चोपायचं आणि वर बसायचं.

पुरातत्त्वाचे लोक हेच वाचतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी 1968 पासून तिथे अनेक हंगाम उत्खनन केलं. इ. स. पू. 1600 ते 700 या काळातली शंभराहून जास्त घरं उघडी झाली. चोपलेल्या मातीच्या जमिनी, एकीवर दुसरी. घराच्या त्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं सापडली, दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवलेली. स्मशान गावाबाहेर नव्हतं. मूल घरातच राहिलं, आणि वर जमीन पुन्हा चोपली गेली. मला या विषयावर तत्त्वज्ञान सांगवत नाही. आपल्या जवळचं पाहायचं तर कोल्हापूरची ब्रह्मपुरी. पंचगंगेकाठी 1945-46 मध्ये सांकळिया आणि दीक्षितांनी खणलं तेव्हा वर बहमनी काळची वस्ती, तिच्याखाली सातवाहनांची. त्याच टेकाडातली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती, ग्रीकांचा समुद्रदेव, कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. एकदा बघून या. वरच्या थरातल्या माणसांना खाली समुद्रदेव आहे याची कल्पनाही नव्हती.

दुसऱ्या बाजूने, किती पांढऱ्या शेतात गेल्या! जुन्या वस्तीची माती खत म्हणून चांगली, म्हणून लोकांनी गाड्या भरभरून टेकाडं नेली. पीक आलं, गाव गेलं. उखडणाऱ्यांचा पक्ष हा.

ग्रीकांकडे थिसियसच्या जहाजाची एक कूट कथा आहे. कुजलेली एकेक फळी बदलली, शेवटी एकही जुनी उरली नाही, तर जहाज तेच का? वर्गात मी ती वर्षानुवर्षं शिकवली. खड्ड्यापाशी बसल्यावर लक्षात आलं की आमच्या घराचं उलटं आहे. काहीच काढलेलं नाही, नुसतं घातलेलं आहे. तेच घर का, हा प्रश्न इथे पडत नाही. पडतो तो असा, की उंबरा कुठे गेला?

कारण तो खरंच गेला. सोप्यातून माजघरात जाताना सागवानी उंबरा होता, वीतभर उंच. शहाबादीने त्याचा बराच भाग गिळला, मोझॅकने उरलेला. दाराची फळी दोनदा खालून कापली. गेल्या वर्षी मुलाच्या आग्रहाने फक्त सोप्यात वर व्हिट्रिफाइड टाइल बसवली, गुजरातेतल्या मोरबीची. टाइल आणि चिकटवायचं ॲडहेसिव्ह मिळून अर्धा इंच चढ आला. वीतभर उंबऱ्याला माणूस पाय उचलतो. अर्ध्या इंचाला कोण उचलणार? तो दिसतच नाही. जानेवारीत मी पहाटे त्याच जागी पडलो आणि मनगट मोडलं. मिस्त्रीची चूक नव्हती. त्याने विचारलं होतं, 'सर, उतार देऊ का?' मी पेपर वाचत होतो.

दुसरी गोष्ट हळू कळली. पावसाळ्यानंतर सोप्याच्या मातीच्या भिंतीला खालून हातभर ओल चढली, गिलावा फुगला, पांढरा लोणा फुटला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. आमची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. शहाबादी आणि तिच्या सांध्यांतून, आणि थोडी मोझॅकमधूनही, ती ओल वर येऊन उडून जायची. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही. खालची वाफ कोंडली, ती भिंतीकडे वळली. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी ज्यांची घरं मातीच्या भिंतींची, तळमजल्याची आहेत, त्यांनी वरून टाइल टाकण्याआधी हा विचार करावा. स्लॅबच्या घरात ओलीचा प्रश्न नाही, तिथे वजनाचा आहे. टाइल चौरस मीटरला वीस-बावीस किलो, ॲडहेसिव्ह किरकोळ, ते चालतं. पण कोणी दोन इंच मसाला घालून बसवतो म्हणाला तर मसालाच शंभर किलो होतो, आधी इंजिनिअरला विचारा. आणि कुठेही असो, जुनी फरशी नाण्याने किंवा हातोडीच्या दांड्याने ठोकून बघायची. भरीव वाजली तर ती पाया होऊ शकते. पोकळ वाजली तर वर काहीही घाला, तेही एक दिवस पोकळ वाजणार.

मी सगळं घर ठोकून पाहिलं, मनगट प्लॅस्टरमध्ये असताना, डाव्या हाताने. मोझॅक निम्म्या ठिकाणी पोकळ. शहाबादी सगळीकडे ठणठणीत. तेव्हा ठरलं ते असं. सोप्यातली नवी टाइल आणि तिच्याखालची मोझॅक दोन्ही काढायची, माजघरातली मोझॅकही. शहाबादी घासून तशीच ठेवायची. म्हणजे मी माझाच थर उखडला, वडिलांचा ठेवला. मुलगा म्हणाला, 'बाबा, हे तिसरंच काहीतरी.' स्वयंपाकघरात मात्र सौभाग्यवतींचा शब्द चालला. तिथे खालपर्यंत खणून, भर नव्याने ठोकून, त्यांना पाहिजे ती फरशी बसली, आणि या खेपेला ती घरात सगळ्यात आधी बसली. सारवणाच्या पापुद्र्यांचं ते ढेकूळ मी काचेच्या बरणीत ठेवलं आहे. येताना आणलंय, टेबलावर आहे. बघायला या, पण झाकण काढू नका, त्याची माती होते.

उंबरा चार बोटं वर आला आहे. नातवंडं त्याला अडखळतात, मी नाही.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर माइक तिकडे पाठवा.