३ जानेवारी १८९६ : वळूचा दाखला त्याच्या लेकींकडून

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील शॅम्बॉ या खेड्याजवळ ३ जानेवारी १८९६ रोजी जे लश यांचा जन्म झाला. १९३० मध्ये ते एम्स येथील आयोवा स्टेट कॉलेजात पशुपैदाशीचे प्राध्यापक झाले. १९३७ मध्ये त्यांचे 'अॅनिमल ब्रीडिंग प्लॅन्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

वळू निवडताना शिंगे, रंग आणि ऐट पाहायची, ही जुनी रीत. लश यांनी आकडे मागितले. जनावर दूध जास्त देते ते किती रक्तामुळे आणि किती चाऱ्यामुळे? निवडलेले आईबाप कळपाच्या सरासरीपेक्षा ४ लिटरने सरस असले आणि त्या फरकातला चौथा हिस्साच आनुवंशिक असला, तर पुढच्या पिढीत सरासरी १ लिटरच वाढ धरायची. गोठ्यात मांडता येईल इतके हे सोपे गणित आहे. वळू तर स्वतः दूध देत नाही. त्याची खात्रीची पारख त्याच्या लेकींच्या धारेवरून होते.

लश यांचे विद्यार्थीही तोलामोलाचे. लॅनॉय हेझेल यांनी अनेक गुण एकत्र तोलणारा निवड निर्देशांक दिला, तर चार्ल्स हेंडरसन यांची जनावरांच्या आनुवंशिक मूल्यमापनाची पद्धत आजही जगभर वापरात आहे.

आपल्याकडे कृत्रिम रेतनाची कांडी घेताना वळूच्या आईचे, बहिणींचे, लेकींचे दूध पशुपालकाने जरूर विचारावे. कालवड दुधाला येईपर्यंत तिला पोसायचे ते त्यालाच.