ताल कुणाच्या मागे चालतो?

जालन्यात उरुसाच्या रात्री कव्वालीला बसलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी न शिकवता कळते. कव्वाल आलाप लांबवतो, मध्येच एखादा शेर घालतो, पण टाळी चुकत नाही. ढोलकवाल्याची नजर कव्वालाच्या तोंडाकडे असते आणि टाळी देणाऱ्यांचे कान ढोलकाकडे. वारकऱ्यांच्या भजनातही टाळकरी पखवाजाला धरूनच चालतात. कुणी कुणाच्या मागे जायचं, हे आधीच ठरलेलं असतं.

हे आठवलं ते भाच्यामुळे. तो घरातल्याच खोलीत कव्वाल्या रेकॉर्ड करतो. त्याने जुनी ड्रम मशीन घेतली आणि आठवड्याभरात तक्रार घेऊन आला. "मामू, मशीनवर एकशेवीस, कॉम्प्युटरवर बी एकशेवीस. तरी पाच मिनिटांत ठेका मागं पडतोय."

या तक्रारीचा इतिहास थेट १२०६ सालापर्यंत जातो. त्या वर्षी दियारबकरच्या अर्तुकी दरबारातले कारागीर अल-जजरी यांनी यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाण्यावर चालणाऱ्या वादकांच्या नावेचं वर्णन आहे. आस फिरतो, त्यावरच्या खुंट्या तरफांना लागतात आणि बाहुल्यांचे हात वाद्यावर पडतात. ठेका खुंट्यांच्या जागेवर ठरतो. यावरून "सगळं आमच्याच पूर्वजांनी शोधलं" म्हणत छाती फुगवण्यात अर्थ नाही. ती छाती आपण फार फुगवली, हात मात्र काळे केले नाहीत. त्या नावेतून शिकण्यासारखी गोष्ट साधी आहे: आस एकच असेल, तर दोन हातांत भांडण होत नाही.

भाच्याकडे आस दोन होते. मशीनचं घड्याळ वेगळं, कॉम्प्युटरचं वेगळं. दोन्हींवर आकडा एकच असला तरी दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा हजारांत एका भागाचा फरक धरला, तरी पाच मिनिटांत ३० मिलिसेकंदांची तफावत पडते. एवढ्यात एक थाप दोनदा ऐकू येते.

१९८०च्या सुमारास वाद्य बनवणाऱ्यांपुढे हीच अडचण होती. रोलंड या जपानी कंपनीने आपल्या यंत्रांना पाच पिनांची तार दिली. एक यंत्र प्रत्येक मात्रेला २४ ठोके पाठवतं आणि दुसरं ते मोजत चालतं. १ मे १९८१ रोजी आपला जालना जिल्हा झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग यांनी टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलंडची तीन यंत्रं एकत्र चालवून दहा रागांची डिस्को ठेक्यावरची तबकडी काढली. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ देणारा हा माणूस. तबकडी चालली नाही. शिकागोतून 'ॲसिड' नावाने ओळखलं गेलेलं संगीत आलं ते १९८७ मध्ये. २०१० मध्ये तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जगाने मुंबईकडे वळून पाहिलं. तोवर सिंग सत्तरीला आले होते. २०१५ मध्ये ते गेले.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले गेले. ही मिडी. ठोके तिथेही मात्रेला २४च. सोबत 'सुरू', 'थांब' आणि 'पुढे चल' असे निरोप, आणि गाण्यात आपण कुठे आहोत हे सांगणारा आणखी एक. आज हेच निरोप यूएसबीच्या तारेतूनही जातात.

भाच्याला सांगितलं ते एवढंच. सॉफ्टवेअरमध्ये मिडी क्लॉक पाठवणं चालू कर. मशीनचं घड्याळ 'बाहेरचं' वर ठेव. गाणं सुरू करायचं ते कॉम्प्युटरवरून, मशीनचं बटण दाबायचं नाही. एवढं करूनही मशीनचा रेकॉर्ड झालेला आवाज काही मिलिसेकंद उशिरा दिसेल. तो उशीर जवळपास ठरलेला असतो, म्हणून ती पट्टी एकदा मागे सरकवली की काम झालं. वाढत जाणारी तफावत मात्र अशी सरकवून जात नाही. तिला तारच लागते.

ठेका जमला. मग खरा प्रश्न आला. गल्लीतले ढोलकवाले चाचा वाजवायला बसले आणि म्हणाले, "शेराच्या आधी जरा सैल सोडावं लागतं बाबा, ही तर सोडतच नाही." भाच्याने कॉम्प्युटरमध्ये त्या जागी टेम्पो किंचित उतरवला. मशीन तारेच्या मागे होती, तीही उतरली.

मशीन आली की ढोलकवाला गेला, ही भीती खोटी नाही. लग्नाच्या बँडमध्ये एका पॅडवर चार जणांचं काम निघताना आपण पाहतो. पण कुणाला पुढे ठेवायचं, हे यंत्र ठरवत नाही. ती निवड तार जोडणाऱ्याच्या हातात असते. त्या रेकॉर्डिंगमध्ये मशीन कॉम्प्युटरच्या मागे चालली आणि कॉम्प्युटर चाचांच्या. चाचांना त्यांची बिदागी मिळाली, आणि कव्वालीवर नावही त्यांचंच लागलं. चरणजित सिंगांना जगाकडून एवढं मिळायला २८ वर्षं लागली होती.