समुद्राला पर्याय रेल्वे: नागपूरचा माल रुळांवरून परदेशात जाऊ शकतो का?

सक्करदऱ्यातून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. मुंबई रेल्वेने सुमारे ८३७ किलोमीटर. तरीही परदेशी जाणाऱ्या मालाची वाट ठरलेली: जवळच्या डेपोत कंटेनर भरायचा, रेल्वेने न्हावाशेवाला धाडायचा, पुढे जहाज. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. तेव्हापासून देशोदेशींना जोडणाऱ्या रेल्वेमार्गांची चर्चा वाढली.

आधी आकडे पाहू. आपल्याकडची ४५ वाघिणींची गाडी वीस फुटी ९० कंटेनर नेते. ‘एव्हर गिव्हन’ची क्षमता २० हजारांहून जास्त, म्हणजे अशा सव्वादोनशेच्या आसपास गाड्या! भाड्यात रेल्वे जहाजाला हरवणं कठीणच. माल नाशवंत असेल किंवा समुद्रमार्ग फार वळशाचा असेल, तिथे मात्र ती उपयोगी पडते.

विदर्भाचा संत्रा तसाच. बांगलादेश त्याचं मोठं गिऱ्हाईक, आणि तिथे ट्रकने जायचं तर सीमेवर रांगा. जुलै २०२० मध्ये गुंटूरजवळच्या रेड्डीपालेमहून ३८४ टन सुक्या मिरच्या पार्सल गाडीने थेट बेनापोलला गेल्या. ट्रकला टनामागे सुमारे ७,००० रुपये लागायचे, रेल्वेला ४,६०८. पुढे संत्रीही त्याच वाटेने गेली. पश्चिम बांगलादेशात आपल्यासारखेच १,६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज रूळ असल्याने डबा बदलावा लागत नाही. एवढं जुळूनही बांगलादेशाने आयातशुल्क वाढवत नेलं आणि निर्यात घसरली. भाडं वाचलं, ते शुल्कात गेलं.

उत्तरेकडची गोष्ट आणखी अवघड. भारत, इराण आणि रशिया यांनी सप्टेंबर २००० मध्ये उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गाचा करार केला. लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर. पाकिस्तानातून वाट नसल्याने मुंबई ते बंदर अब्बास हा टप्पा जहाजाचाच. पुढे इराणचे रूळ १,४३५ मिलिमीटरचे, रशियाचे १,५२० चे. मध्ये कंटेनर उचलून ठेवावे लागतात. रश्त-अस्तारा हा १६२ किलोमीटरचा तुकडा तर जोडायचा राहून गेला. त्यासाठी रशिया-इराण करार झाला मे २०२३ मध्ये. त्याआधी, जुलै २०२२ मध्ये, रशियाहून निघालेली मालगाडी कझाकस्तान आणि तुर्कमेनिस्तानचा वळसा घेऊन इराणला पोहोचली होती. तिच्यातले कंटेनर बंदर अब्बासला जहाजावर चढले आणि न्हावाशेवाला उतरले. नागपूरचा माल या मार्गाने मॉस्कोला पाठवायचा, तरी त्याचा पहिला मुक्काम न्हावाशेवाच.