बुलेट यादी

अनेक बाबी एकाखाली एक, प्रत्येकीपुढे ठिपका देऊन मांडण्याची लेखनपद्धती. अहवाल, निविदा, सूचनाफलक आणि ईमेल यांत ती सर्रास आढळते. कार्यालयात तिला ‘बुलेट पॉइंट’ म्हणतात. क्रम महत्त्वाचा असेल किंवा एखाद्या बाबीचा पुढे उल्लेख करायचा असेल, तर ठिपक्याऐवजी आकडा देतात. शासन निर्णयात ‘वाचा’ या शब्दाखालचे संदर्भ क्रमांकित असतात ते याचसाठी.

बाबी सुट्या मांडण्याची सवय मराठी दफ्तराला जुनीच आहे. पेशवाईतल्या कागदांत ‘बितपशील’ असे लिहून त्याखाली बाबी मांडत. विरामचिन्हे मात्र एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर रुळली आणि मराठीत त्यांची घडी बसवण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते.

आज मराठी यादी बिघडते ती बहुधा पहिल्याच ओळीत. इंग्रजी वाक्यात क्रियापद लवकर येते, त्यामुळे अर्धे वाक्य वर लिहून उरलेले प्रत्येक ठिपक्यात पुरे करता येते. मराठी क्रियापद शेवटी बसते. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत हा फरक ठळक दिसतो: इंग्रजी पाठात न्याय, स्वातंत्र्य, समानता ही यादी क्रियापदानंतर येते, तर मराठी पाठात यादी आधी येते आणि ‘प्राप्त करून देण्याचा’ निर्धार नंतर. ‘समितीने सुचवले आहे’ असे लिहून खाली ‘नळांची दुरुस्ती’ आणि ‘नवा पंप’ ठेवले, तर लिंगही जुळत नाही. दुरुस्ती सुचवली जाते, पंप सुचवला जातो. म्हणून वरची ओळ पूर्ण वाक्याची असावी आणि तिच्यात बाबी, अटी, कागदपत्रे असे सर्वांना कवेत घेणारे अनेकवचनी नाम असावे:

अर्जासोबत पुढील कागदपत्रे जोडावीत –
• आधार कार्डाची छायाप्रत
• शिधापत्रिकेची छायाप्रत
• पासपोर्ट आकाराची दोन छायाचित्रे

इथे तिन्ही ओळी नामावर संपतात. तिसरीत ‘दोन छायाचित्रे आणावीत’ असे लिहिले असते, तर यादी लगेच लंगडी झाली असती. बाबी नुसती नामे असतील तर शेवटी कोणतेही चिन्ह नको. पूर्ण वाक्ये असतील तर प्रत्येकाच्या शेवटी पूर्णविराम हवा. एकाच यादीत दोन्ही तऱ्हा मिसळू नयेत. अर्धविरामाने बाबी जोडण्याची रीत कायद्याच्या मसुद्यांत टिकून आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१क मधील अकरा मूलभूत कर्तव्ये इंग्रजी पाठात अशाच एका लांबलचक वाक्यात गुंफलेली आहेत. सोसायटीच्या नोटिशीला या थाटाची गरज नाही. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची लेखनशैलीही याद्यांत अर्धविराम वापरू देत नाही.

इंग्रजी नियमपुस्तकांत बाबीचे पहिले अक्षर मोठे की लहान, यावर बराच खल असतो. देवनागरीत तो प्रश्नच उद्भवत नाही. तिची स्वतःची अडचण वेगळी आहे. अपूर्णविराम अक्षराला चिकटला की विसर्गासारखा दिसतो आणि ‘पुढीलप्रमाणे:’ हे ‘पुढीलप्रमाणेः’ असे वाचले जाते. टंकताना अदलाबदलही होते: ‘दुःख’ मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम पडतो. युनिकोडमध्ये ही दोन वेगळी चिन्हे असल्याने असा शब्द शोध घेताना हाती लागत नाही. त्यामुळे अपूर्णविरामाआधी थोडी जागा सोडणे किंवा वरच्या उदाहरणाप्रमाणे आडवी रेघ देणे अधिक सुरक्षित.

कारणमीमांसा, मतभेद किंवा घटनाक्रमातले गुंते ठिपक्यांत घालू नयेत; ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘याउलट’ हे दुवे त्यात गळून पडतात. एकट्या बाबीलाही ठिपका नको.

ठिपका किंवा आडवी रेघ हाताने टंकण्यापेक्षा वर्ड किंवा संकेतस्थळाच्या संपादकातली यादीची सोय वापरावी. दृष्टिहीन वाचकांचे पडदावाचक सॉफ्टवेअर अशी यादी ओळखून तिच्यात किती बाबी आहेत ते आधीच सांगते. हाताने टंकलेल्या ठिपक्यांच्या बाबतीत ही मदत मिळेलच असे नाही.