आर्सचे गावकरी आणि त्यांचे धर्मगुरू

४ ऑगस्ट हा संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण. धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून त्या दिवशी त्यांचे स्मरण होते, प्रबोधनातून त्यांच्या तपश्चर्येचा आणि तासन्‌तास कुमसार ऐकण्याचा उल्लेख होतो आणि आर्स या गावाचे नाव ओघाने येऊन जाते. त्या गावाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच वळते. धर्मगुरूचे चरित्र लिहिले की धर्मग्रामाचा इतिहास लिहून झाला, असे आपण गृहीत धरतो. आर्सपुरते तरी आम्हांस ते पटत नाही. मनाने अनेकदा निघून गेलेल्या एका धर्मगुरूला ज्या गावाने ४१ वर्षे आपल्यापाशी राखले, त्या गावालाही स्वतःची अशी कहाणी असलीच पाहिजे.

फ्रान्समधील लियाँ शहराच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर हे गाव आहे. १८१८ साली तेथे जेमतेम २३० माणसे राहत होती. मातीच्या भिंतींची चाळीसेक घरे, एका बाजूस जमीनदारांचा वाडा आणि मध्यावर संत सिक्स्तस यांच्या नावाचे, बाराव्या शतकातले छोटेसे चर्च. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वावटळीत या चर्चची पुरती वाताहत झाली होती. शासनाने धर्मगुरूंवर लादलेली शपथ आर्सच्या धर्मगुरूंनी घेतली. पुढे त्यांनी याजकपदही सोडले आणि त्याच गावात येऊन दुकानदारी सुरू केली. चर्च लुटले गेले, घंटा उतरवली गेली, वेदीसमोर क्रांतिकारकांच्या सभा भरू लागल्या. ज्या हातांतून ख्रिस्तशरीर स्वीकारले, त्याच हातांत तराजू पाहण्याची वेळ गावकऱ्यांवर आली. नेपोलियनने १८०१ साली पोपमहाशयांशी करार केला आणि देवळे पुन्हा उघडली. पण आर्सला स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जा परत मिळाला नाही. शेजारच्या मिझेरिय धर्मग्रामाचे ते एक उपकेंद्र होऊन राहिले.

आर्सचे लोक रविवारी शेतात राबत, गुत्त्यात बसत, नाचगाण्यात रात्री घालवीत, असे व्हियानींचे चरित्रकार सांगतात. ते खरेच असावे. तथापि त्या लोकांना अधर्मी म्हणण्यापेक्षा पोरके म्हणणे आम्हांस अधिक रास्त वाटते. १८१८ च्या आरंभी त्यांच्याकडे एक तरुण धर्मगुरू आले, तेही क्षयाने खंगलेले. काही आठवड्यांतच गावाला त्यांचे दफन करावे लागले. त्याच फेब्रुवारीत व्हियानी आले. तेव्हा त्यांचे वय ३१ होते.

येणारा माणूसही त्याच वावटळीतून तावून निघालेला होता. १७८६ साली दार्दिली येथे एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचा पहिला ख्रिस्तशरीर संस्कार चर्चमध्ये झालाच नाही. शपथ न घेतलेले धर्मगुरू तेव्हा लपूनछपून सेवा देत; एकुली गावी एका घरात खिडक्या बंद करून, बाहेर गवताच्या गाड्या उभ्या करून तो विधी पार पडला. मोठेपणी लॅटिन भाषेने त्यांना छळले, सेमिनरीतून त्यांना परत पाठवण्यात आले. एकुलीच्या फादर बाले यांनी त्यांना घरी शिकवले, त्यांच्यासाठी रदबदली केली, आणि १८१५ साली ग्रेनोबल येथे त्यांची गुरुदीक्षा झाली. एका धर्मगुरूने दुसऱ्यासाठी इतके केले नसते तर आर्सचे नाव आपल्या कानी आलेच नसते. फादर बालेंचे स्मरण मात्र कोणी करीत नाही.

आर्समधील पहिली वर्षे कठोर होती. व्हियानी पहाटेपूर्वी चर्चमध्ये जात, घरोघरी फिरत, पिकापाण्याची चौकशी करीत. दुसरीकडे नाचात भाग घेणाऱ्यांना ते पापक्षमा नाकारीत. संत योहान बाप्तिस्ता यांच्या वेदीवर त्यांनी शब्द लिहवून घेतले होते, की या संताचे शिर हे एका नाचाचे मोल होते. ही कडक शिस्त आज आपल्याला झेपणार नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हांस ती मनापासून रुचतही नाही. पुढे वयाबरोबर त्यांचे मन निवळले, कुमसारात त्यांच्या बोलण्याहून त्यांचे अश्रूच अधिक असत, असे साक्षीदारांनी सांगितले आहे. गावही लगेच वश झाले नव्हते. त्यांच्याविषयी ओंगळ कंड्या पिकल्या, त्यांच्या दारावर घाण फासली गेली.

असे असूनही १८२० साली सोन नदीपलीकडील एका गावी त्यांची बदली ठरली, तेव्हा आर्स हादरले. नदीला पूर आला होता आणि सामान पलीकडे नेता येईना. तेवढ्या अवधीत मेयर आंत्वान मांदी, वाड्यातील वयोवृद्ध कुमारी द'आर्स आणि इतर गावकरी यांनी लियाँच्या वरिष्ठांकडे धाव घेतली. बदली रद्द झाली. पुढच्याच वर्षी, १८२१ साली, आर्सला स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जा मिळाला. बदलीचे पत्र आले की धर्मग्रामात काय खळबळ उडते हे आपल्या कुटुंबांना सांगायला नको. अर्जविनंत्या बहुधा व्यर्थ जातात. आर्सची फळली, याचे थोडे श्रेय त्या पुरालाही द्यावे लागेल.

१८२४ साली व्हियानींनी मुलींसाठी मोफत शाळा उघडली. तिचे नाव 'प्रॉव्हिडन्स', म्हणजे देवाची तरतूद. ती चालवण्यासाठी त्यांनी कातरीन लासान्य आणि बनुआत लार्दे या शेतकऱ्यांच्या दोन मुली निवडल्या आणि त्यांना आधी शेजारच्या गावी धर्मभगिनींकडे शिकायला पाठवले. लवकरच तेथे अनाथ मुली राहू लागल्या. पैशांचा पत्ता नसे. धान्याचे कोठार रिकामे असता एके दिवशी ते भरलेले आढळले, ही गोष्ट गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. दुपारी तेथे होणारे धर्मशिक्षण ऐकायला परगावचे लोकही दाटी करू लागले. मात्र प्रशिक्षित धर्मभगिनींऐवजी साध्या गावकरी स्त्रियांनी शाळा चालवावी हे अनेकांना रुचत नव्हते. महागुरू दवी यांच्या इच्छेनुसार १८४७-४८ साली ती संत जोसेफच्या धर्मभगिनींकडे सोपवण्यात आली. व्यवस्था सुधारली असेल. पण अनाथाश्रम तसा राहिला नाही आणि व्हियानींना तो घाव खोलवर लागला. कातरीन यांनी विनातक्रार चाव्या दिल्या आणि त्या चर्चच्या सेवेत राहिल्या. आपण आज व्हियानींविषयी जे जाणतो, त्यातील कितीतरी या बाईंनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून आले आहे.

एव्हाना गाव त्यांच्या एकट्याचे उरले नव्हते. लियाँहून घोडागाड्यांची नियमित सेवा सुरू झाली, खाणावळी निघाल्या. अखेरच्या वर्षी सुमारे ८०,००० यात्रेकरू आल्याचा अंदाज आहे. ज्या गावातले गुत्ते धर्मगुरूंनी बंद पाडले, त्याच गावात त्यांच्यामुळे पाहुण्यांची घरे उभी राहिली. दिवसाचे बारा ते सोळा तास ते पापनिवेदन ऐकत. आसपासच्या धर्मगुरूंना हे सारे बोचले. हा अल्पशिक्षित माणूस लोकांना काय मार्गदर्शन करणार, अशा तक्रारीचा कागद त्यांच्यात फिरला. तो चुकून व्हियानींच्याच हाती पडला, तर त्यांनी त्यावर आपलीही सही केली.

त्यांना खरोखरच तसे वाटत होते. आपण या पदाला अपात्र आहोत, कोठेतरी एकांतात जाऊन पापांबद्दल रडावे, या विचाराने ते वारंवार व्याकूळ होत. १८४३ साली मोठ्या आजारातून उठल्यावर ते रातोरात दार्दिलीला भावाकडे गेले. यात्रेकरू तेथेही पोहोचले आणि आठवड्याभरात त्यांना परतावे लागले. १८४५ पासून फादर रेमों त्यांचे साहाय्यक होते. त्यांच्या शिक्षणाचा खर्च व्हियानींनी उचलला होता, तरी ते वृद्ध धर्मगुरूंना सर्वांदेखत टाकून बोलत. गावकरी संतापले, व्हियानी मात्र त्यांचीच बाजू घेत. १८५३ मध्ये रेमोंच्या जागी फादर तोकानिये आले आणि त्याच सप्टेंबरात व्हियानींनी पुन्हा रात्री गाव सोडण्याचा बेत केला. तो फुटला. तोकानियेंनी त्यांच्या हातातले प्रार्थनेचे पुस्तक काढून घेतले, कोणीतरी संकटाची घंटा वाजवली. आग लागली की चोर शिरले हे न कळून लोक हाती काठ्या घेऊन धावत आले आणि कंदिलांच्या उजेडात त्यांना आपले धर्मगुरू गावाबाहेर पडताना दिसले. यात्रेकरूंनी गुडघे टेकून वाट अडवली. अखेर ते वळले आणि निमूटपणे चर्चमध्ये जाऊन कुमसाराच्या जागी बसले.

हा प्रसंग सहसा गावाच्या प्रेमाचा दाखला म्हणून सांगितला जातो. प्रेम होतेच. परंतु ६७ वर्षांच्या थकलेल्या माणसाला एका रात्रीचीही सुटका न देणाऱ्या त्या प्रेमात थोडा स्वार्थही होता, हे आम्हांस नाकारता येत नाही. त्यांच्याच धर्मपालांनी त्यांची विश्रांतीची विनंती मान्य केली नव्हती.

४ ऑगस्ट १८५९ रोजी पहाटे दोन वाजता व्हियानींचे निधन झाले. फादर तोकानिये त्यांच्या मागे आर्सचे धर्मगुरू झाले. १९०५ साली व्हियानी धन्यवादित आणि ३१ मे १९२५ रोजी संत म्हणून घोषित झाले. १९८६ च्या ऑक्टोबरात पोप दुसरे जॉन पॉल आर्सला येऊन गेले. यात्रेकरूंसाठी १८६२ साली वास्तुशिल्पी बोसाँ यांच्या आराखड्यानुसार मोठे बॅसिलिका बांधायला सुरुवात झाली, तेव्हा गावाचे जुने चर्च न पाडता ते नव्या वास्तूला जोडून घेण्यात आले. आजही यात्रेकरू त्या बुटक्या, अंधाऱ्या जुन्या भागातूनच आत जातात आणि व्हियानींची कुमसाराची लाकडी जागा तेथेच पाहतात.