ग्रिमबंधूंच्या कथांतील सावत्र आई

परीकथा ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे. जो सांगेल त्याची ती असते. तरीहि जर्मन परीकथांना कोणीं नवें रूप दिलें कीं, मूळ कथा बिघडली अशी तक्रार ऐकूं येते. हें मूळ नेमकें कोणतें, हें एकदां इतिहासालाच विचारून पाहावें.

याकोब व विल्हेल्म ग्रिम या बंधूंनीं कासेल नगरांत कथा गोळा केल्या, त्या काळांत तें नगर नेपोलियनचा भाऊ जेरोम याची राजधानी होतें आणि याकोब त्याच राजाचा ग्रंथपाल होता. परकी सत्तेखालीं स्वजनांचें धन वेंचून ठेवावें, ही त्यांची तळमळ होती. १८१२ सालीं ८६ कथांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. दुसरा १८१५ सालीं निघाला.

या कथा खेड्यांतील अशिक्षित म्हाताऱ्यांनीं सांगितल्या, अशी समजूत आहे. वस्तुतः सांगणाऱ्यांत नगरांतील सुशिक्षित तरुणी पुष्कळ होत्या. हासेनप्फ्लुग भगिनींच्या मातृकुळांत फ्रेंच रक्त होतें. दोरोथेआ फीमान ही शिंप्याची पत्नी खरी. परंतु तिचेहि पूर्वज फ्रान्समधूनच आलेले. म्हणजे ज्याला निर्भेळ जर्मन म्हणावें, त्यांतहि परक्याचा वांटा प्रथमपासून होताच.

पुढें या कथा मुलांच्या हातीं देण्यास योग्य नाहींत, असा आक्षेप आला आणि विल्हेल्मनें लेखणी चालविली. रापुन्झेलच्या गरोदरपणाची सूचना गाळली गेली. हिमगौरीच्या जिवावर उठलेली स्त्री १८१२ सालीं तिची सख्खी आई होती. १८१९ सालीं ती सावत्र झाली. हेन्सेल व ग्रेटेल यांना रानांत सोडण्याचा हट्ट धरणारीहि प्रथम सख्खी आईच. १८४० च्या आवृत्तींत तीहि सावत्र ठरली. क्रूर शिक्षा मात्र पुष्कळशा तशाच राहिल्या.

हा फरक शब्दापुरता नव्हे. घरांत अन्नाचा कण नसला म्हणजे जन्मदात्री देखील काय करूं धजते, हें भीषण सत्य पहिल्या कथेंत होतें. आई सावत्र होतांच भुकेचा अपराध एका स्त्रीच्या स्वभावावर लोटला गेला. बाळंतपणांत अनेक माता दगावत, त्या काळांत सावत्र आई हें घरोघरचें वास्तव होतें. परक्यांचीं मुलें पोटाशीं धरणाऱ्या त्या स्त्रियांच्या माथीं मातृत्वाचा मान राखण्यासाठीं हा कलंक आला.

१८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत हें संस्करण चालूच होतें. तेव्हां १९३७ सालचा डिस्नेचा चित्रपट किंवा १९७१ सालीं ॲन सेक्स्टन या अमेरिकन कवयित्रीनें केलेलें काव्यरूपांतर, हीं परंपरेचा भंग नव्हेत. तीं परंपरेचींच पुढलीं पावलें होत. कथा बदलली काय, हा प्रश्न गौण आहे. बदलतांना कोणतें सत्य झांकलें आणि कोणाला दोषी ठरविलें, हाच प्रत्येक नव्या कथेकऱ्याला विचारण्याचा प्रश्न होय. आणि तो ग्रिमबंधूंनाहि चुकत नाहीं.