अंतःस्थापित प्रणालीतील बहुपडदा प्रदर्शन

बहुपडदा प्रदर्शन म्हणजे एखाद्या यंत्रात कायमस्वरूपी बसवलेल्या संचालन प्रणालीने दोन किंवा अधिक पडदे एकाच वेळी चालवणे होय. मोटारी, विमानांचे चालककक्ष व वैद्यकीय उपकरणे यांत या पद्धतीचा वापर होतो. घरगुती संगणकाला दुसरा पडदा सोयीसाठी जोडला जातो. अंतःस्थापित प्रणालीत मात्र प्रत्येक पडद्याचे काम आधीच निश्चित केलेले असते.

== कार्यपद्धती ==
प्रत्येक पडद्यावरील चित्र प्रथम स्मृतीत तयार होते. प्रदर्शन नियंत्रक ते वारंवार वाचून पडद्याकडे पाठवतो. सर्व पडद्यांवर एकच चित्र दाखवता येते, एक चित्र अनेक पडद्यांवर पसरवता येते किंवा प्रत्येक पडद्यावर स्वतंत्र चित्र दाखवता येते.

१९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यासाठी प्रतिबिंदू ४ बाइट धरल्यास एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असल्यास स्मृतीतून सुमारे ५० कोटी बाइट वाचावे लागतात. पडदे वाढले की हा भार वाढतो. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला एक ४के पडदा सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालवता येतो. असे दोन पडदे जोडल्यास ती गती ३० वर येते.

== सुरक्षितता ==
मोटारीत वेगदर्शक पडदा आणि गाणी, नकाशे दाखवणारा मधला पडदा यांचे महत्त्व सारखे नसते. मधल्या पडद्यावरील बिघाडाने वेगदर्शक बंद पडू नये, यासाठी दोन मार्ग वापरतात. पहिल्या मार्गात प्रत्येक पडद्याला स्वतंत्र प्रक्रियक दिला जातो. दुसऱ्यात एकाच प्रक्रियकावर हायपरवायझर हा आज्ञावलीचा थर बसवून दोन संचालन प्रणाली परस्परांपासून अलग ठेवल्या जातात. दुसरा मार्ग कमी खर्चाचा असला तरी ते विलगीकरण निर्दोष असल्याचे सिद्ध करावे लागते. मोटारींतील विद्युत व इलेक्ट्रॉनिक प्रणालींच्या अशा सुरक्षिततेसाठी आयएसओ २६२६२ हे आंतरराष्ट्रीय मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

केवळ पडदे अलग ठेवणे पुरेसे नसते. कोणते काम कोणत्या पडद्यावर सोपवले आहे, हेही महत्त्वाचे ठरते. टेस्ला कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेत मॉडेल एस व मॉडेल एक्स या प्रकारांतील सुमारे १,३५,००० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. सततच्या लेखनाने त्यांतील ८ गिगाबाइटची फ्लॅश स्मृती झिजून मधला पडदा बंद पडू शकत होता. मागील कॅमेऱ्याचे दृश्य त्याच पडद्यावर दिसत असल्याने मोटार मागे घेताना चालकाला ते मिळेनासे होई.